गिरण बंद करणारा माणूस

कोणी खरं बोलायला लागलं की ते गिरण बंद करायचे.

गिरणीत माणसं ओरडूनच बोलतात, हे तुम्हालाही माहीत असेल. "जाडसर हवंय!" "ओ, नाचणीच्या आधी माझे तांदूळ घ्या!" हे सगळं त्या घरघरीत वरच्या पट्टीत चालायचं आणि त्यांना ते बरोबर ऐकू यायचं. पण बोलता बोलता एखाद्याचा आवाज खाली गेला, की त्यांचा पिठाने पांढरा झालेला हात भिंतीवरच्या खटक्याकडे जायचा. पट्टा फडफडत थांबायचा. मग ते म्हणायचे, "हां. आता बोल."

रांगेतल्या बायका वैतागायच्या. "अहो, आमचं दळण अर्धं राहिलंय, गप्पा नंतर मारा!"

"पीठ कुठे पळून जातंय?" ते म्हणायचे. "माणूस पळून जातो."

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. ते ज्या मीटिंगला जायचे, तिथे आतल्या माणसाचं नाव बाहेर काढायचं नाही, असा नियम आहे. ते गेले म्हणून नियम सुटला, असं मला वाटत नाही. आळीत सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही काकाच म्हणते.

कॉलेजला जाणारी मी आमच्या घरातली पहिली. त्यामुळे घरात असा समज होता, की जे कोणालाच माहीत नाही ते मला माहीत असणार. रेशनकार्डावरचं नाव, आईच्या गुडघ्याच्या गोळ्या, सगळं माझ्याकडे यायचं. एक दिवस भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता आईने विचारलं, "तुमच्या कॉलेजात दारू सोडवायचं काय शिकवतात काय गो?"

बाबा रिक्षा चालवतात. तेव्हा सकाळी शाळेची मुलं सोडायचे. त्या दिवशी एका मुलाची आई रिक्षाजवळ आली, बाबांच्या तोंडाशी वाकली आणि मुलाचं दप्तर परत खांद्यावर घेऊन म्हणाली, "उद्यापासून नको." तिने आवाजही चढवला नाही. संध्याकाळपर्यंत बाकीच्या आयांचेही फोन आले. बाबा त्या रात्री घरी उशिरा आले, आणि कसे आले ते मी सांगत नाही. रिक्षा दुसऱ्या दिवशी कोणीतरी आणून दिली.

मी मोबाईलवर शोधलं. पुण्याचं केंद्र सापडलं, मुंबईचं सापडलं. एका ठिकाणी फोन लागला तर पलीकडची बाई हिंदीतून पॅकेज सांगायला लागली. रत्नागिरीत काही आहे का, हे विचारायचं कोणाला? इथे एका टोकाला विचारलं की दुसऱ्या टोकाला उत्तर आधी पोचतं.

आणि ते होतं आमच्या गिरणीच्याच भिंतीवर. 'खोली भाड्याने देणे आहे' आणि कुठल्याशा सप्ताहाच्या कार्यक्रमाच्या मध्ये, पिठाच्या थराखाली एक कागद. 'दारूचा त्रास होतोय? बुधवारी संध्याकाळी सहा वाजता या. पैसे नाहीत.' खाली देवळामागच्या बालवाडीचा पत्ता. मी कित्येक वर्षं त्या कागदासमोर डबा घेऊन उभी राहिले होते.

मी तो वाचत राहिले. नंबर आला तरी पुढे सरकले नाही. काकांनी विचारलं, "काय गो, काय हवंय?"

मी म्हटलं, "हे... हे कशाचं आहे?" आणि माझा आवाज खाली गेला.

हात खटक्याकडे गेला. पट्टा थांबला. रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्यात आमच्याच चाळीतली एक होती.

"कोणासाठी?" काकांनी विचारलं.

"कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. भुवयांवर पीठ असल्यामुळे त्यांचे डोळे फार काळे दिसायचे. "बरं," ते म्हणाले. "मग प्रोजेक्टला घेऊन ये एक दिवस." आणि खटका वर केला.

आधी मी एकटीच गेले. बालवाडीवरून तीनदा पुढे गेले, मोबाईल कानाला लावून. मला वाटत होतं की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस मलाच बघतोय. शेवटी आत गेले तेव्हा हसूच आलं असतं, इतकी भीती वाटत नसती तर. खोलीत लहान मुलांच्या लाल-पिवळ्या खुर्च्या, आणि त्यांवर मोठमोठे पुरुष गुडघे हनुवटीला लावून बसलेले. भिंतीवर फळांची चित्रं. कोण कोण होतं ते सांगणार नाही. त्यातल्या दोघांना मी जवळजवळ रोज बघायचे आणि मला कधी शंकाही आली नव्हती, एवढंच सांगते.

काका बोलायला उठले. गिरणीत असते तर गिरण बंद करावी लागली असती, इतक्या बारीक आवाजात. म्हणाले, "मी दारुडा आहे. खूप वर्षं झाली सोडून. माझी बायको गिरण चालवायची आणि मी मागच्या खोलीत पडलेला असायचो. ती गेली, त्यानंतर मी सोडली. तिने काही मला शुद्धीत बघितला नाही." आणि खाली बसले. खुर्ची कुरकुरली. एकाने त्यांच्या हातात चहाचा ग्लास दिला.

बाबांना तिथे न्यायचं कसं, हा प्रश्न काकांनीच सोडवला. एका बुधवारी ते आमच्या दारात उभे. "रिक्षा लागेल. देवळामागे सोड आणि परत न्यायला थांब. आता तो चढ चढवत नाही मला." आमचा तांदळाचा भरलेला डबा एका हाताने उचलून फळीवर ठेवणारा हा माणूस! पण बाबांनी भाडं म्हणून नेलं.

बालवाडीच्या खिडक्या मुलांच्या उंचीच्या, खाली. रिक्षात बसलं तरी आतलं सगळं ऐकू येतं. पहिल्या दिवशी बाबा घरी येऊन म्हणाले, "तो म्हातारा काय काय बोलतो गो सगळ्यांसमोर! लाज नाय?" दुसऱ्या बुधवारी काहीच म्हणाले नाहीत. आतून त्यांना बाहेर चहा यायचा. मग एका बुधवारी चहा आला नाही. बाबांनी बराच वेळ वाट बघितली आणि शेवटी दारात जाऊन विचारलं, "आज चहा नाय काय?"

"आहे ना," काका म्हणाले. "आत आहे."

त्यानंतर मी दळणाला गेले की ते भर गिरणीत ओरडून विचारायचे, "काय गो, तुझा प्रोजेक्ट काय म्हणतो?" बायकांना वाटायचं, किती हुशार मुलगी.

त्यांनी बाबांना कधी शपथ घालायला लावली नाही. म्हणायचे, "प्यायची तर पी बाबा. मी कोण अडवणारा? पण मला सांगून जा." बाबांना आधी हे सोपं वाटलं. मग कळलं, की सांगणं फार अवघड आहे. तरी ते जायचे. संध्याकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, तोंडातल्या तोंडात म्हणायचे, "काका, सांगायला आलो." गिरण थांबायची. काका उपदेश करायचे नाहीत. एक सूप पुढे सरकवायचे. "बस. एवढी नाचणी पाखड आणि मग जा." नाचणी पाखडून होईपर्यंत अंधार पडायचा, आणि बाबा अंगभर कोंडा घेऊन घरी यायचे. आई त्या कोंड्याकडे बघायची आणि भाकरी वाढायची.

एकदा मात्र ते न सांगता गेले. मग कित्येक दिवस गिरणीवरून रिक्षाही नेईनात, लांबच्या रस्त्याने जायचे. काका आमच्याकडे आले, हातात आमचाच पिठाचा डबा. "दळण राहिलं होतं," म्हणाले. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले होते. काकांनी डबा ठेवला, पाणी प्याले आणि जाताना दारातून म्हणाले, "बुधवारी रिक्षा लागेल हां."

मग भात झोडून झालं आणि राखणीचे दिवस आले.

आमचं गाव आत, लांज्याच्या बाजूला. शेताच्या कडेला एक काळा दगड आहे, तो आमच्या शिवेचा राखणदार. दरवर्षी भावकीने त्याला राखण द्यायची: कोंबडा, नारळ आणि बाटली. आजोबा गेल्यापासून गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने करायची विनवणी, बाबा घालतात, कारण ते पाठ त्यांनाच आहे आणि आवाजही त्यांचाच आहे. गाऱ्हाणं झालं, देवाला थेंब दाखवले, की पहिला ग्लास गाऱ्हाणं घालणाऱ्याचा. त्याने घेतल्याशिवाय बाकीच्यांनी ओठाला लावायचं नाही. त्याने नाही घेतली तर राखण अपुरी राहते. आणि राखण अपुरी राहिली, की वर्षभर गाय-वासरू लंगडलं तरी भावकी आपल्याकडेच बघणार.

"नाय घेतली तर सगळ्यांचं नडणार," बाबा गिरणीत सांगत होते. "घेतली तर माझं नडणार."

गिरण बंद होती. बायका आता बाबांच्या बोलण्याला सरावल्या होत्या, त्यांनी लगेच सल्ले दिले. एक म्हणाली, "नुसती ओठाला लावा हो." दुसरी म्हणाली, "देवाची असते ती, चढत नाय."

"देवाची असली तरी दुकानातलीच ना?" काका म्हणाले. मग जरा वेळाने, "येतो मी तुझ्याबरोबर. गिरण ठेवतो बंद."

रिक्षात पुढे बाबा, मागे काका आणि मी. आई आली नाही. तिने सांगितलं की गुडघा दुखतोय, पण तिला बघवणार नव्हतं, हे आम्हाला कळत होतं.  वाटेत सड्यावरचं, त्या उघड्या कातळमाळावरचं गवत वाळून पिवळं झालं होतं.

मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मुंबईहून मुद्दाम आले होते. त्यांनी विचारलं, "हे पाहुणे कोण?"

"माझे दोस्त," बाबा म्हणाले.

"असं? मग थोडी घेतील ना आमच्याबरोबर?"

"मी नाय घेत," काका म्हणाले.

"पोटाचं काही?"

"नाय. डोक्याचं."

मोठे काका हसले. बाकीचेही हसले. बाबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

बायकांनी दगडाजवळ जायचं नसतं. मी बांधाच्या अलीकडे, आंब्याखाली उभी राहिले. तिथून सगळं दिसत होतं: दगड, केळीच्या पानावर नारळ, त्याच्या बाजूला बाटली आणि उलटे ठेवलेले ग्लास. पुरुष अर्धगोल करून उभे राहिले. काका सगळ्यांच्या मागे. बाबांनी टोपी घातली, हात जोडले. मला त्यांच्या पाठीवर घामाचा डाग दिसत होता, आणि हवा तर गार होती.

"बा म्हाराजा, शिवेच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात.

"आज तुझ्या लेकरांनी वर्षाची राखण तुझ्यासमोर ठेवली हाय, ती मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गुराढोरांची, पोराबाळांची, मुंबईला गेलेल्यांची राखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे गाऱ्हाणं संपतं. मी लहानपणापासून ऐकलंय. इथे नारळ फुटतो. पण बाबांनी नारळ उचलला नाही. ते बाटलीकडे बघत होते. एवढा वेळ गेला, की मोठ्या काकांनी मान वर करून बघितलं.

"आणि म्हाराजा," बाबा म्हणाले, "तुझं एक लेकरू दारूनं वाया गेलं व्हतं!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे म्हणून गेले. मग दोघांतिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"ते आता सोडायला बघतंय. त्याला ती वाट परत दाखवू नको म्हाराजा!"

या वेळी 'व्हय' निघालं आणि अर्ध्यात अडकलं. पण गाऱ्हाणं सुरू झालं की ते मध्येच सोडता येत नाही, देवासमोर तोंड बंद ठेवणं अपशकुनी. विस्कळीत का होईना, पण आलं, "...म्हाराजा!"

"आजपासून पहिला ग्लास तुझा. तुझ्या लेकराने तो घेतला नाय, म्हणून राखण अपुरी मानू नको म्हाराजा!"

आता 'व्हय' आलंच नाही. मोठ्या काकांचा जबडा हलत होता. मला वाटलं, आता ते पुढे होणार आणि बाबांचा दंड धरणार. मी आंब्याचं खोड धरून ठेवलं होतं.

तेवढ्यात मागून एकच आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "व्हय म्हाराजा!"

काका. भावकीतला नसलेला, गावातलाही नसलेला माणूस. मग दुसरा एक, मग तिसरा, आणि शेवटी सगळे.

बाबांनी नारळ फोडला. पहिला ग्लास भरला आणि तो आख्खा दगडावर ओतला. मोठे काका दातओठ खाऊन म्हणाले, "देवासमोर घराची अब्रू काढलीस तू."

"काढली नाय दादा," बाबा म्हणाले. "सांगितलं फक्त."

परत येताना मी मागे काकांच्या शेजारी बसले होते. मला इतकं हलकं वाटत होतं, की कधी एकदा आईला सांगते असं झालं होतं. सड्यावर आलो तेव्हा काका काहीतरी बोलले. रिक्षाच्या आवाजात बाबांना ऐकू गेलं नाही. "काय?" त्यांनी विचारलं. काका परत बोलले नाहीत. बाबांनी आरशात बघितलं. मग रिक्षा कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"हां," बाबा म्हणाले. "आता बोला."

काकांचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले होते. "मी सांगतोय हां," ते म्हणाले. "सांगून जा म्हणतो ना मी, म्हणून सांगतोय. तू बाटली उघडलीस आणि तो वास आला. इतक्या वर्षांनी. तुला राखायला आलो होतो रे मी. तू ओततोयस, आणि मी मागे उभा राहून बघतोय, ग्लास किती उरले ते."

त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं, की सुटते म्हणजे सुटते. काकांची सुटलेली आहे, बाबांची सुटायची आहे, आणि या दोन माणसांच्या मध्ये एक पक्की भिंत आहे. त्यांच्या खांद्याला खांदा लागून मी बसले होते. 

बाबा काही समजावायला गेले नाहीत. त्यांनी सीटखालचं फडकं काढलं आणि काकांच्या हातात दिलं. "बसून काय करताय? ही काच पुसा."

काका उतरले. त्यांनी पुढची काच पुसली. मग दिवा पुसला, आरसा पुसला, नंबराची पाटी पुसली, परत काच पुसली. बाबा बाजूला दगडावर बसून राहिले. एक एसटी धूळ उडवत गेली आणि काच पुन्हा लाल झाली. काकांनी ती परत पुसली. मग फडक्याची घडी घातली आणि म्हणाले, "चल. दळण पडलंय."

त्यानंतरही ते तसेच होते, ओरडणारे, गिरण बंद करणारे. फक्त गिरणीत माझ्याकडे बाबांची चौकशी करताना आता "प्रोजेक्ट" म्हणायचे नाहीत. बाबांचं नाव घेऊन विचारायचे.

पुढच्या गणपतीनंतर एका सकाळी गिरण उघडली नाही. काका झोपेतच गेले. त्यांचा मुलगा मुंबईहून आला, आणि दारातली गर्दी बघून गोंधळला. गर्दीत बायका होत्याच, पण पुरुषच जास्त होते. मुलगा एकेकाला विचारत होता, "तुमची माझ्या वडिलांशी ओळख कशी?"

"दळण टाकायचो," एक म्हणाला.

"दळणाचीच ओळख," दुसरा म्हणाला.

ज्यांनी आयुष्यात पिठाचा डबा उचललेला नाही, असे ते सगळे पुरुष, एकामागून एक, तेच सांगत होते. बाबांनीही तेच सांगितलं. आई बाजूला उभी होती. आमच्याकडे दळणाला मी जाते, हे तिला माहीत होतं. तिने पदर तोंडाला लावला.

यंदा भात झोडून झाल्यावर आम्ही परत गेलो. या वेळी आईही आली आणि माझ्याबरोबर आंब्याखाली उभी राहिली. शेजारच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत एक गडी मशीनने गवत कापत होता, त्यामुळे बाबांना मोठ्याने ओरडावं लागत होतं. गुरं झाली, पोरंबाळं झाली, मुंबईकर झाले. पहिल्या ग्लासचं झालं, आणि त्यावर कोणी अडखळलं नाही.

"आणि म्हाराजा," बाबा म्हणाले, "गेल्या वर्षी तुझ्या दारात एक पाहुणा आला व्हता!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याचं तुझ्याकडे..." आणि त्यांचा आवाज खाली गेला. ओठ हलत होते, पण मशीनच्या आवाजात काहीच ऐकू येईना.

मोठ्या काकांनी मागे वळून बागेकडे हात केला. "ए, बंद कर रे ते जरा!"

मशीन थांबलं. सगळ्या शेतावर एकदम शांतता झाली.

"हां," मोठे काका बाबांना म्हणाले. "बोल आता."

 आईने माझा हात धरला. मग बाबा साध्या आवाजात, घरात बोलावं तसं म्हणाले, "ते न सांगता गेले. म्हणून मी तुला सांगतोय. त्यांची राखण कर."

बायकांनी गाऱ्हाण्याला साथ द्यायची नसते. पण सगळ्यांच्या आधी 'व्हय म्हाराजा' कोण म्हणालं म्हणून पुरुषांनी माना वळवल्या, तेव्हा आंब्याखाली आम्ही दोघीच होतो.